पहिली पंगत बायकांची

काशिराम तांबे कुठल्याही मांडवात पहिल्या पंगतीला पुरुषांना बसू देत नाहीत. माझे शेजारी. बिरवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, अंगाने काडी, आवाज भोंग्याचा.

परवा तुडीलला बारसं होतं. दोन वाजले होते. पुरुष बसले तसे काशिरामभाऊ कडाडले, "उठा! पहाटेपासून भाकऱ्या थापल्या त्या बाया उपाशी, आणि तुमी खुर्च्या तापवून जेवताय?"

"बायका मागनं जेवतात भाऊ. रीतच हाय," बाळाचा आजोबा म्हणाला.

"या रीतीनंच पित्ताशय सुजतं!" त्यांनी बोटांवर कारणं मोजली. बाईचा जन्म, चाळिशी उलटलेली, बाळंतपणं, वाढलेलं वजन, आईला पित्ताचे खडे. "जन्म, वय, आई, हे कुणाच्या हातात नाय. उपाशी ठेवणं तुमच्या हातात हाय. तेवढं तरी सोडा!"

"पित्ताला कोकम घ्यावं," कोणी तरी सुचवलं.

"कोकमानं खडा विरघळत नाय, गाढवा!"

यादी मी महाडच्या एका डॉक्टरांकडून पडताळून घेतली. बरोबर आहे. संतापाचं मूळ मात्र यादीत नाही. कारखान्याची दुसरी पाळी रात्री सुटल्यावर काशिरामभाऊ नाक्यावर कॅरम खेळत बसायचे आणि घरी सुमनवहिनी त्यांच्यासाठी जेवायला थांबायच्या. अशी नोकरीची सगळी वर्षं गेली. यंदा वहिनींचं पित्ताशय सुजलं. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. तोवर उपाशी राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण नवरा जेवल्याशिवाय वहिनी अजूनही घास घेत नाहीत.

तुडीलला शेवटी पुरुष उठले, बायका बसल्या. काशिरामभाऊ भांड्यांच्या खणखणाटात उभे राहून वहिनींना फोनवर ओरडले, "जेवलो गो! दुसरी भाकरी चाललीय. तू जेव, नायतर येऊन बघतो तुला!"

ते पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

गेल्या आठवड्यात पोलादपूरहून असाच फोन आला, तेव्हा मी त्यांच्या घरी होतो. वहिनींनी फोन ठेवला. "खोटं हाय. तोंडात घास असला की यांना वरडता येत नाय."

तरी त्यांनी ताट वाढून घेतलं. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाल्या, "मी नाय जेवले तर उद्या कुणाच्या तरी मांडवात आणखी वरडतील." दुसरी भाकरी मोडून अर्धी त्यांनी झाकून ठेवली.

चार वाजता काशिरामभाऊ आले. आधी मोरीत डोकावले. वहिनींचं ताट खरकटं होतं.

"पोट फुटायला आलंय माझं," ते गुरगुरले आणि त्यांनी भाकरीवरचं झाकण उचललं.