बिनतक्रार आवाज

त्या प्रकल्पात माणसं सहा होती, आवाज चार आणि नियम एक. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा त्यांचा प्रोग्रॅम कुणालाही फुकट मिळे आणि कुणालाही त्यात बदल सुचवता येई. सुचवल्यावर तीन दिवस थांबायचं. हरकत आली नाही, तर बदल मंजूर. गप्प बसणं म्हणजे होकार, हा नियम घरी लागू होत नाही, हे सहा जणांमधल्या धाकट्याला त्याच्या बायकोने एकदाच, पण नीट समजावलं होतं. प्रकल्पात मात्र तो बिनघोर चाले.

या धाकट्यानेच चौथा आवाज काढून टाकायचं सुचवलं. तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा होता, आणि अकरा वर्षांत त्याच्याबद्दल एकही तक्रार आली नव्हती. बाकीच्या तीन आवाजांबद्दल महिन्याला सरासरी नऊ येत. म्हणजे चौथा कुणी वापरतच नसणार. तीन दिवस कुणी काही बोललं नाही. आवाज गेला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच्या आत्याचा फोन आला. आत्या वकील. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि दोनशे पानांचा दावा ती दुपारच्या सुट्टीत ऐकून संपवायची.

"अरे, माझा खरखऱ्या कुठे गेला? ही नवी बाई बोलते गोड, पण वेग वाढवला की तोंडात घास असल्यासारखी बोलते."

"तू तो वापरतेस? मग कधी कळवलं का नाहीस?"

"काय कळवायचं? उत्तम चाललं होतं की."

भाच्याने तिला जुनी आवृत्ती लगेच बसवून दिली. तरी ती फोन ठेवेना.

"माझं झालं रे. बाकीच्यांना भाचा कुठून आणायचा?"

मग त्याने आवाज परत आणायचं सुचवलं, आणि आता सगळ्यांना कंठ फुटला. त्या सहांत प्रत्येक ई-पत्र 'तत्पूर्वी'ने सुरू करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना सगळे तत्पूर्वीच म्हणत. एका आत्यावरून निष्कर्ष काढावा का, असं त्यांनी विचारलं. दुसऱ्याने मतदान सुचवलं. तिसऱ्याने मतदान घ्यावं का, यावर मतदान सुचवलं. सत्तेचाळीस पत्रं झाली. आत्याने ती सगळी सहा मिनिटांत ऐकली आणि अठ्ठेचाळिसावं स्वतः लिहिलं.

"अकरा वर्षं तुम्ही माझ्यासाठी फुकट राबलात आणि मी एकदाही आभार मानले नाहीत. चूक माझी. पण तक्रार नाही म्हणून माणूसच नाही, हे कुठल्याही कोर्टात टिकणार नाही. जे ऐकतात त्यांना विचारा."

तत्पूर्वींचं उत्तर पहिल्यांदाच 'तत्पूर्वी'शिवाय आलं.

"ताई, तो आवाज माझ्याच गळ्यावरून केलाय. काढायची सूचना आली तेव्हा मी गप्प बसलो. वाटलं, खरंच कुणाला नको असेल."

त्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही, आणि हे गप्प बसणं कुणी होकारात धरलं नाही. मग प्रोग्रॅमच्या पानावर एक प्रश्न टाकला गेला: हा आवाज कुणी वापरत होतं का? असल्यास फक्त 'हो' लिहा.

तीन दिवसांत दोन हजार तीनशे चौदा 'हो' आले. त्यांपैकी एक हजार नऊशे दोन जणांनी पुढे आभार लिहिले होते.