इस्त्रीची सीडी

सुभेदार नानांनी चहाला बोलावलं तर विश्रामबागेतला शहाणा माणूस जात नाही. चहा मिळतो, पण परीक्षा दिल्यावर.

नाना तोफखान्यातून निवृत्त झालेले. नाद एकच, गाण्याची प्रत्येक सीडी दोनदा घ्यायची. एक मूळची जुनी, आणि दुसरी कंपनीनं मागाहून आवाज साफसूफ करून काढलेली, रिमास्टर्ड. जुनी ती ‘अस्सल’, नवी ती ‘इस्त्रीची’. लोक मोबाईलवर गाणी ऐकायला लागले त्यालाही जमाना झाला, आणि हे अजून सीड्या पुसत बसलेत!

“बसा मास्तर. आधी ही ऐका. आता ही. सांगा, काय फरक हाय?”

मला काय डोंबल कळतंय! मी कॉलेजात इतिहास शिकवतो. दोन्हींत तीच बाई तीच ठुमरी म्हणते. पण ‘काही नाही’ म्हटलं की नाना चहाचं नाव काढत नाहीत. मग मी ठोकून द्यायला शिकलो. तबला पुढं आलाय, तंबोरा दबलाय, सारंगी मागं गेलीय, येईल तोंडाला ते.

“व्हय की! लय इस्त्री मारलीय गड्यांनी! सूनबाई, चहा टाका.”

गॅसवाल्यालाही सोडलं नाही हो. त्या बिचाऱ्यानं खांद्यावर सिलिंडर घेऊन अख्खी ठुमरी ऐकली.

गेल्या रविवारी माझी सटकली. गल्लीतले चौघे जमले होते. नाना पाणी आणायला आत गेले तेवढ्यात मी अस्सलच्या डबीत इस्त्रीची सीडी घातली. नानांनी येऊन ती लावली आणि डोळे मिटले.

“ऐका! तंबोरा कसा मोकळा घुमतोय! इस्त्रीत हेच मरतंय बघा.”

“नाना, ही इस्त्रीचीच आहे!”

चौघे पोट धरून हसले. माझाही जीव थंड झाला. नाना मात्र चिडले नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी मला हाताला धरून बसवलं.

“मास्तर, उजवा कान तोफांनी तवाच नेला. आता डावाबी चाललाय. बोलणं कळतंय, पण गाण्यातलं बारीक काय बी येत न्हाई. लय वरसं झाली.”

“मग हे सगळं कशाला, नाना?”

“आवं, तुमी सांगता न्हवं? सारंगी मागं गेली म्हणता, मला ती आठवती. तेवढा येळ ऐकल्यागत वाटतं. बाकीचे ‘छान हाय’ म्हणून चहा पितात. तुमी एकटंच नीट ऐकता.”

सारंगी मागं गेली, असं मी एकदा केवळ बँक बंद व्हायच्या आत सुटका व्हावी म्हणून ठोकून दिलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

नानांनी आता खरी अस्सल लावली आणि माझ्या तोंडाकडं बघत बसले.

“हाय का सारंगी जाग्यावर?”

मी खुर्ची स्पीकरला चिकटवली. जन्मात पहिल्यांदा जीव ओतून ऐकलं. यातली सारंगी कुठली, तेच मला कळेना.

“थांबा नाना,” मी म्हणालो. “परत लावा.”