राखणदार बदलताना

जुना फायरवॉल काढायच्या आधी परबकाका त्याच्यापुढे नारळ ठेवतात, हात जोडतात आणि देवाला गाऱ्हाणं घालतात. एकटे नाही. मालक, कारकून, चहा घेऊन आलेला माणूस, सगळ्यांना उभं करून आपल्या मागोमाग ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला लावतात.

फायरवॉल म्हणजे ऑफिसच्या इंटरनेटच्या दारात बसवलेला एक डबा. बाहेरून कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला हाकलायचं, ते तो ठरवतो. जुना झाला की त्याला नवे चोर ओळखता येत नाहीत, म्हणून बदलावा लागतो. गिरगावपासून माहीमपर्यंत छोट्या छोट्या ऑफिसांत आम्ही दोघं हेच करत फिरतो. मी घाटावरच्या जतच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. कॉलेजात मला याला नेटवर्क सुरक्षा म्हणतात असं शिकवलं होतं. काकांनी पहिल्याच दिवशी ते सुधारलं.

“झिला, ह्यो राखणदार. वेशीवरचो. तेका न विचारता उठवलंस, तर गावाक झोप लागात काय?”

मुंबईत मला पहिली खोली काकांनीच मिळवून दिली होती. त्यामुळे मी मान डोलावली.

काकांचं गाऱ्हाणं अस्सल मालवणी. “बा म्हाराजा! ह्यो तुझो राखणदार इतकी वर्सा जागलो, आता थकलो. त्येच्या जागेर नवो बसयतंव, तेका सांभाळून घे. जो कोण भायरसून चोरपावलान येयत, तेका वेशीभायरच ठेव!” वरळीच्या एका गुजराती शेठना तर ते इतकं आवडलं, की ‘व्हय म्हाराजा’ म्हणून झाल्यावर त्यांनी नव्या प्रिंटरसाठीही एक मागून घेतलं.

घोटाळा झाला गिरगावात, एका वकिलांकडे. गाऱ्हाणं ऐन रंगात असताना त्यांचा पक्षकार आत आला. मधोमध नारळ, भोवती हात जोडलेली माणसं. त्याला वाटलं, वकीलच गेले. त्याने चपला काढल्या आणि डोळे पुसले. तेवढ्यात माणसांच्या मागून वकील म्हणाले, “बसा.” पक्षकार जो पळाला, तो चपलांसाठीसुद्धा परत आला नाही.

वकिलांची तक्रार आली. आमच्या साहेबांनी काकांना बोलावलं. “परब, आणखी एक तक्रार, की तुम्ही कॉटन ग्रीनच्या गोडाऊनला. तिथे खोकी मोजत बसा एकटे.”

काकांचा चेहरा एवढासा झाला. “एकटो?” एवढंच ते म्हणाले.

पुढचं काम दादरला, एका सीए बाईंच्या ऑफिसात. रिटर्न भरायची धांदल, बाई कडक. काकांनी नारळ पिशवीतच ठेवला. जुना डबा काढताना त्याला फक्त हळूच थोपटलं. मी नवा बसवला, वायरी लावल्या.

इंटरनेट येईना.

मी मोडेम बंद केला, चालू केला. नाही. पुन्हा बंद, पुन्हा चालू. नाही. आतून कोणीतरी ओरडलं, “मॅडम, पोर्टल गेलं!” काका कोपऱ्यात पिशवी पोटाशी धरून उभे. मला कॉटन ग्रीनचं गोडाऊन डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

“अहो, तुम्ही सीनियर ना?” बाई काकांवर कडाडल्या. “तोंडाला कुलूप लावल्यासारखे काय उभे?”

“मनाई आसा,” काका म्हणाले.

“कसली मनाई?”

मी चाचरत सगळं सांगून टाकलं. आता साहेबांना फोन जाणार, असं मी धरूनच चाललो. बाईंनी चष्मा काढला.

“माझं माहेर देवगड,” त्या म्हणाल्या. “घाला गाऱ्हाणं. चला रे, उठा सगळे!”

मी मोडेम बंद केला आणि हात जोडले. काकांनी त्या दिवशी देवगडपासून दादरपर्यंतच्या सगळ्या दैवतांना हाका मारल्या. शेवटचा ‘व्हय म्हाराजा’ एवढ्या जोरात झाला, की खालच्या मिठाईवाल्याने वर येऊन पाहिलं. मी मोडेम चालू केला. इंटरनेट आलं!

कारण साधं होतं. मोडेमच्या डोक्यात जुन्या डब्याची ओळख बसलेली असते, आणि ती विसरायला त्याला थोडा वेळ बंद ठेवावं लागतं. मी घाईघाईत तेवढा वेळ देतच नव्हतो. हे मी काकांना सांगितलं नाही. बाईंनी साहेबांना फोन केला तो एवढंच सांगायला, की पुढच्या वेळीही परबांनाच पाठवा.

संध्याकाळी काका मला लालबागला घरी घेऊन गेले. खोली स्वच्छ, एकाच माणसाची. दांडीवर एक टॉवेल, मोरीत एक बादली. काकींचा हार घातलेला फोटो. नारळ देवापुढे ठेवून काकांनी हात जोडले.

“बा म्हाराजा, आज तू माका राखलंस...”

आणि ते थांबले. स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, “ही भाकरी थापता थापता आतसून म्हणायची. आता घरात गाऱ्हाणा घालूकच होना नाय, झिला. मागसून कोणतरी व्हय म्हणणारा लागता.”

मी चपलांपाशी उभा होतो. आत आलो, हात जोडले आणि माझ्या जतच्या उच्चारात म्हणालो, “व्हय महाराजा.”

“म्हाराजा,” काकांनी सुधारलं.

आणि मग त्यांचं गाऱ्हाणं काही केल्या संपेना.