काकवीचा इतिहास

आमच्या शेजारचे अनंतकाका घरात बियर करतात. पण तसं त्यांच्या तोंडावर म्हणायची सोय नाही. "बियर नव्हे सूनबाई, इतिहास करून राहिलो मी," असं म्हणून चष्म्यावरून बघतात. हट्टा गावच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस, सुपारीचं खांड कधी तोंडात घातलं नाही, आणि आता रिटायर झाल्यावर मागच्या पडवीत बरण्या मांडून बसलाय. काकू गेल्या म्हणून हे चाललं. त्या असत्या तर बरण्यांसकट काकांना उकिरड्यावर ठेवून आल्या असत्या.

कृती फार जुनी, असं ते शपथेवर सांगतात. कुठल्याशा थंड मुलखात गोऱ्यांना जव मिळेना, तेव्हा त्यांनी उसाच्या मळीवर बियर केली म्हणे. काकांनी मळीऐवजी वसमतकडच्या गुऱ्हाळातली काकवी आणली आणि गोऱ्यांच्या कडू फुलांऐवजी काडेचिराइताच्या कडू काड्या. वर पुन्हा, "मूळ कृतीशी इमान पायजे."

मी म्हटलं, "काका, पोलीस आले तर?"

"इतिहासाला कलम लागत न्हाई."

स्वतः मात्र थेंब चाखत नाहीत. नाकाजवळ नेतात, डोळे मिटतात आणि "बराबर" किंवा "अजून बराबर न्हाई" असा निकाल देतात.

एकदा माझ्या सासूबाई दशम्यांसाठी वाटीभर काकवी मागायला गेल्या. काका आंघोळीला गेलेले. सासूबाईंनी हाताला लागेल त्या बरणीतून आपली आपण घेतली. त्या दिवशी दशम्या अशा फुगल्या की बघत राहावं! गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या सासूबाईंनी त्या गल्लीभर वाटल्या. काकांनी आंबायला ठेवलेली बरणी उपसलेली बघितली आणि पांढरेफटक पडून आमच्याकडे आले. मला बाजूला घेऊन कुजबुजले, "सूनबाई, तुमच्या पिठात इतिहास शिरला." मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सासूबाई अजून म्हणतात, अनंताकडची काकवी गुणाची.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असं मी शेवटी सरळच विचारलं. काका बरणीच्या तोंडाला फडकं बांधत होते.

"शिरीष दिवाळीला पुण्याहून येतो. चार दिवसांसाठी. अन् रोज संध्याकाळी मित्रांत बसायला वसमतला जातो. घरातच मिळाली तर घरातच बसेल ना पोरगं?"

मी हसणार होते. हसू आलंच नाही.

दिवाळीला शिरीष आला. मी फराळाचं ताट घेऊन गेले, तेव्हा तो चप्पल घालून, गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता आणि काका त्याच्यापुढं स्टीलचा पेला धरून होते.

"घे. घरचीच आहे."

शिरीषनं पेल्याकडं बघितलं, मग बापाकडं. "बाबा, मी कधीच सोडली."

काकांचं तोंड असं उतरलं की मला ताट कुठं ठेवावं सुचेना.

"मग काहून चालला वसमतला?"

"तिथं गप्पा होतात, बाबा. इथं तुमी 'जेवलास का' विचारता अन् पेपर उघडता."

वर्गात तास संपला तरी ज्यांचं बोलणं संपत नसे, त्यांना पोटच्या पोरापुढं शब्द सापडेना.

"काय बोलू?" ते म्हणाले. "सगळं तुझी आईच बोलायची रे."

शिरीषनं गाडीची किल्ली खिशात टाकली. मग त्यानं काकांच्या हातातला पेला घेतला आणि वास घेतला.

"हे कसं केलं, ते तर सांगा."

काका गडबडले. धोतराला हात पुसले, खुर्चीवर बसले, घसा साफ केला.

"तर त्या मुलखात," ते म्हणाले, "जव पिकत नव्हता."

शिरीषनं चप्पल काढली आणि समोर मांडी घालून बसला.