बिराजदार भाऊसाहेबांची टेस्ट

"लोहारा ही भारताची राजधानी आहे. सूर्य पश्चिमेला उगवतो. बैल वर्षातून दोनदा अंडी घालतो."

आमच्या लोहाऱ्याच्या कॉलेजच्या परीक्षा विभागात एक पन्नाशी उलटलेला माणूस डोळे मिटून, ताठ बसून ही वाक्यं सांगतो आहे आणि समोरची अकरावीतली मुलगी हसू दाबत ती लिहून घेते आहे, असं तुम्ही पाहिलं असतंत तर काय समजला असतात? मी नवीन होतो तेव्हा मला वाटलं, साखरेचं प्रमाण वाढलं असेल बिचाऱ्यांचं.

हे आमचे सीनियर क्लार्क, बिराजदार भाऊसाहेब. अंध विद्यार्थ्यांना किंवा ज्यांचा हात चालत नाही त्यांना परीक्षेत लेखनिक मिळतो. विद्यार्थ्याने तोंडाने उत्तर सांगायचं, लेखनिकाने ते कागदावर उतरवायचं. लेखनिक खालच्या वर्गातला हवा, असा नियम आहे. भाऊसाहेबांनी त्याला आपल्या पदरचा एक नियम जोडला होता, तो म्हणजे ही टेस्ट. बैलाला मुकाट अंडी घालू देणारा पास. सूर्याला पूर्वेकडे नेणारा नापास.

"हुशार नगं मला," ते म्हणायचे. "हुशार लई झालेत तालुक्यात. इमानदार पायजे."

त्यामुळे पहिल्या नंबरची पोरं हिरमुसून बाहेर पडायची आणि मास्तरांनी ज्यांच्यावर पाणी सोडलं होतं ती छाती काढून. नापास झालेल्याने वाद घातला की भाऊसाहेबांचं ठरलेलं वाक्य यायचं, "तुला इचारलं व्हतं का?"

हे वाक्य ते कुणालाही ऐकवत. एकदा प्राचार्यांनी त्यांना विद्यापीठाला जाणारं पत्र तोंडी सांगितलं. पत्र टाइप होऊन, घाईत सही होऊन गेलंही. आठ दिवसांनी तिकडून हसत हसत फोन आला. पत्रात तिसऱ्या ओळीत, "तरी सदर प्रकरणी, अरे तो पंखा जरा कमी करा, त्वरित मान्यता मिळावी" असं लिहिलेलं होतं. प्राचार्यांनी बोलावून झापलं. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "तुमी बोललात ते लिवलं. काय ठिवायचं नि काय गाळायचं ते ठरिवणारा म्या कोण?"

परीक्षेच्या आधी ते डोळ्यांना गमछा बांधून व्हरांड्यातून चालत. कुठे बाक आडवा आहे, कुठे फरशी उखडली आहे ते अंगठ्याने मोजत. एका वर्षी असेच थेट प्राचार्यांच्या पोटावर आदळले. गमछा न काढताच म्हणाले, "हितं कायतरी मऊ अडचण हाय, हलवा." आम्ही स्टाफरूममध्ये हा प्रसंग महिनाभर पुरवला. त्यांची नक्कल सगळ्यात चांगली मीच करायचो, हे आता सांगताना बरं वाटत नाही.

मंगल आमच्याकडे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. जन्मापासून अंध. जवळच्याच खेड्यातून बहिणीचा हात धरून जीपने यायची. मी मराठी शिकवतो, तिचा मुख्य विषय मराठी. लोकसाहित्याच्या तासाला ती मान कलती करून ऐकायची. एकदा तास संपल्यावर थांबली. "सर, आमच्या रानात खुरपताना बाया गाणी म्हणत्यात. पुस्तकात असलं एकबी न्हाई. मला साठ-सत्तर तोंडपाठ हायत. पेपरात लिवलं तर चालंल?"

"चालेल की," मी म्हणालो.

"मग लिवते. बाहेरचा मास्तर माझं ऐकून किती मार्क देतो ते बघायचंय. चांगले दिले तर एम.ए. करीन, ह्याच गाण्यांवर. न्हाई दिले तर घरचे म्हणतेत तसं करीन."

घरचे काय म्हणत होते ते मी विचारलं नाही. खेड्यातल्या घरात बावीस वर्षांच्या मुलीबद्दल काय म्हणतात, ते विचारावं लागत नाही.

भाऊसाहेबांनी तिच्यासाठी अकरावीतली एक मुलगी टेस्ट घेऊन निवडली. त्याच टेस्टला माझी लेक ऋचाही बसली होती. बारावी सायन्सला, शाळेपासून पहिली. तिने सूर्य पूर्वेला उगवायला लावला, खाली पट्टीने रेघ मारली आणि बैलाच्या वाक्यापुढे "अशास्त्रीय" असं कंसात लिहिलं.

"पोरी, तुला इचारलं व्हतं का?"

"पण काका, ते चूक आहे."

"आसू दे. चुकायचा हक्क त्या पेपर देणारीचा हाय. तू कोण काढून घेणार?"

ऋचा रडत घरी आली. माझ्या लेकीला एका क्लार्कने नापास करावं, याचा मला फार राग आला. तो मी मनात जपून ठेवला.

लोकसाहित्याच्या पेपरच्या दिवशी त्या अकरावीतल्या मुलीला ताप भरला. पेपर सुरू व्हायला पाऊण तास होता. भाऊसाहेबांनी गाडीला किक मारली. "दुसरी एक पास झालेली हाय, जेवळी गावची. घिऊन येतो. सर, तवर कुणाला बसवू नगा." परीक्षाप्रमुख मी होतो. घंटा झाली, भाऊसाहेबांचा पत्ता नव्हता. अंध विद्यार्थ्यांना तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. दहा मिनिटं थांबलो असतो तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण ऋचा नेमकी डबा द्यायला आली होती. मी तिलाच मंगलजवळ बसवलं. घाई होती, हे खरं. पण घाईपेक्षा तो जपलेला राग जास्त होता, हेही खरं.

भाऊसाहेब आले तेव्हा पेपर सुरू होऊन बारा मिनिटं झाली होती. मागच्या सीटवरून जेवळीची मुलगी उतरली. त्यांनी खिडकीतून ऋचाला पाहिलं.

"सर, पोरगी सुधरून लिवती," एवढंच म्हणाले.

"भाऊसाहेब, परीक्षा मंगलची आहे. तुमचा बैल आज राहू द्या."

दोन शिक्षक हसले. भाऊसाहेब पेपर सुटेपर्यंत त्या खोलीच्या दाराशी उभे राहिले.

संध्याकाळी जेवताना ऋचा खुशीत होती. "बाबा, ती शेतातल्या बायकांची कसलीतरी गाणी सांगत होती. एकदम गावठी. मी सरळ गाइडमधलं उत्तर लिहिलं. आता बघा तिचे मार्क!"

मी मराठीचा प्राध्यापक. घास हातात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना सांगायला हवं होतं, विद्यापीठाला कळवायला हवं होतं. पण त्यात लेकीचं नाव आलं असतं आणि माझंही. मी तिला म्हणालो, "जेव."

निकाल लागला. त्या पेपरात मंगल कॉलेजात पहिली आली. ती केवढ्या आनंदात होती म्हणून सांगू! तिने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आणि ती घेऊन परीक्षा विभागात आली. "भाऊसाहेब, वाचा. माझं मला एकदा ऐकायचंय." मीही तिथेच होतो. निघून जाता आलं असतं, गेलो नाही.

भाऊसाहेब वाचू लागले. पहिलं पान, दुसरं पान. त्यांचा आवाज हळू होत गेला, पण एक शब्द त्यांनी इकडचा तिकडे केला नाही. मंगलच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र ओळीओळीला कमी होत होतं.

"हे कुणाचंय, भाऊसाहेब?"

ती माझ्या दिशेने वळली. मी तिथे आहे हे तिला केव्हाच कळलं असावं. "सर, मार्क लई चांगले हायत. पर माझ्या गाण्याला किती पडले, ते कळलंच न्हाई."

तिने एम.ए.चा फॉर्म भरला नाही.

ती गेल्यावर मी भाऊसाहेबांच्या शिव्या खायला तयार होऊन बसलो. त्यांनी मात्र चहा मागवला आणि बशीत ओतून घेत म्हणाले, "लेकीला काय बोलू नगा, सर. चांगलं करायला गेली पोरगी. म्याबी तसाच गेलतो."

त्यांचा थोरला भाऊ, शिवाप्पा, अंध. तो बारावीला, हे दहावीला. शिवाप्पाचे लेखनिक हेच. "म्या लई हुशार व्हतो, सर. त्याचं चुकतंय आसं वाटायचं. तो सांगायचा एक, म्या लिवायचो माझं. फर्स्ट क्लास आला. गावात पहिला. चावडीपुढं सरपंचानं हार घातला. तितंच उत्तरांचा इषय निघाला, म्या काय लिवलं ते बोलून गेलो, तवा त्याला समद्यांसमोर उमगलं. गळ्यातला हार काढला, चाचपत चाचपत माझा गळा हुडकला आन् माज्या गळ्यात घातला."

त्यांचा चहा तसाच राहिला होता.

"म्होरं शिकला न्हाई. बेचाळीस वर्सं झाली. एका घरात ऱ्हातो, शेजारी शेजारी ताट आसतं. रेशनचा अर्ज लिवायचा आसला तरी शेजारच्या सुनंला बोलिवतो. मला न्हाई सांगत. आन् 'दादा, म्या चुकलो', एवढं माज्या तोंडातनं आजून निघालं न्हाई. आज बोलू, उंद्या बोलू, आसंच ऱ्हायलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमी मंगलकडं जा, सर. लवकर जा. लांबलं की जाता येत न्हाई."

भाऊसाहेब मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला तरुण क्लार्क चुणचुणीत आहे. पहिल्या नंबरची पोरं तो यादीवरून घेतो, टेस्टबिस्ट नाही. अधूनमधून भाऊसाहेबांचा फोन येतो. पाऊसपाणी, पेन्शनची कागदपत्रं असं बोलून झालं की विचारतात, "गेलते का?"

मंगलचं गाव जीपने वीस मिनिटांवर आहे. मी म्हणतो, "या रविवारी जाणार आहे, भाऊसाहेब."

"बरं," ते म्हणतात. रागावत नाहीत. फोन ठेवायच्या आत पलीकडून, त्यांच्या घरातून, शेजारच्या सुनेला हाक मारणारा एक म्हातारा आवाज ऐकू येतो.