बुरशी अर्ध्याच भिंतीवर

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी बिंदुमाधव सप्रे पलंगामागे पडलेला चष्मा काढायला वाकले आणि त्यांना भिंतीवर काळपट हिरवा डाग दिसला. तळहाताएवढा. चष्मा सापडल्यावर त्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा डाग सहा निघाले.

सप्रे रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले होते. डागी माल आला की आधी त्याच्याभोवती खडूने रेघ मारायची आणि मग चौकशी करायची, हा छत्तीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी पेन्सिल घेतली, प्रत्येक डागाभोवती रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. गुरुवारपर्यंत बुरशी सगळ्या रेघा ओलांडून बाहेर आली होती. त्यांनी नव्या रेघा ओढल्या. पुढच्या सोमवारी भिंत नकाशासारखी दिसायला लागली.

पण त्यांना बुरशीपेक्षा तिच्या वागण्याचा राग आला. गल्लीकडच्या कोपऱ्यापासून ती कपाटापर्यंत गच्च पसरली होती आणि कपाटाच्या पलीकडे, त्याच भिंतीवर, एकही ठिपका नव्हता. भिंत एक, रंग एक, पाऊस एक, मग अर्धी भिंत काळी आणि अर्धी कोरी का? सप्र्यांनी छताकडे पाहिलं. काळ्या अर्ध्या भागाच्या बरोबर वर मिश्रजींचं न्हाणीघर होतं.

गोपीनाथ मिश्र वरच्या मजल्यावर एकोणीस वर्षं भाड्याने राहत होते. एकटे, अविवाहित, इंटर कॉलेजात गणिताचे मास्तर. गंगेकाठच्या ब्रह्माघाटाच्या त्या गल्लीत इतकी वर्षं मराठी शेजारात राहून त्यांना मराठी समजायची सगळी, पण बोलायचे ते फक्त रागावल्यावर.

"मिश्रजी, तुमचं न्हाणीघर गळतंय," सप्रे जिन्यातूनच म्हणाले.

"असंभव. टपकता तो पहले छत गीली होती. छत सूखी है कि नहीं?"

"छत कोरडं आहे. पण भिंत..."

"तो पानी छत को छोड़कर सीधे दीवार में कैसे गया? सिद्ध कीजिए."

"मी काय तुमच्या वर्गात बसलोय?" सप्र्यांचा आवाज चढला. "भिंत सडतेय माझी!"

आता मिश्रजी मराठीत आले. "तुमचा भिंत, तुमचा बुरशी! माझा काय संबंध?"

दोघं रोज सकाळचा चहा एकत्र घ्यायचे. फाल्गुनात सप्र्यांची बायको शरदिनी गेली, त्यानंतर तर दोन्ही वेळचा. या भांडणाच्या दिवसापासून चहा बंद झाला.

जबलपूरला असलेल्या मुलीने, मालविकाने, फोनवर उपाय सांगितला. "बाबा, वरच्या मोरीत रंगाचं पाणी ओता. भिंतीवर रंग उतरला तर गळतंय. नाही उतरला तर सोडून द्या, आणि काकांशी भांडू नका."

सप्र्यांनी पहिला भाग तेवढा ऐकला. होळीचा गुलाबी रंग घरात शिल्लक होता. यंदा तो कुणी उघडलाच नव्हता. मिश्रजींनी परवानगी दिली, कारण त्यांनाही काय ते सिद्ध करायचं होतं. दोन बादल्या रंग मोरीत ओतला आणि दोघं धावत खाली येऊन भिंतीसमोर बसले. भिंतीवर काही उतरलं नाही. मात्र बाहेरून किंकाळी ऐकू आली.

मोरीचा पाइप गल्लीत एका सांध्यावर फुटला होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याखालून शेजारच्या कालिंदीबाई देवळातून परत येत होत्या. बासष्ट वर्षांच्या कालिंदीबाई नवरा गेल्यापासून पांढरंच नेसत. खांद्यापासून पदरापर्यंत त्या गुलाबी होऊन उभ्या होत्या.

"बिंदुभावोजी! श्रावणात कसली होळी काढलीत?"

"कालिंदीवहिनी, चूक झाली, ती बुरशी..."

"बुरशी?" त्यांनी पदर पिळला, खाली पडलेल्या गुलाबी थेंबांकडे पाहिलं आणि एकदम हसल्या. "बावीस वर्षांनी रंग लागला हो अंगाला. तोही मोरीचा." मग तशाच, घाईने डोळे पुसत घरात गेल्या. सप्र्यांना पुढचे दोन दिवस त्यांच्या दारासमोरून जायचा धीर झाला नाही.

रंग उतरला नाही, तरी सप्र्यांचं समाधान झालं नाही. "एका दिवसात काय समजतंय? पाणी झिरपायला वेळ लागतो," असं ते जिन्यात उभं राहून, वर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. मिश्रजींनी ते ऐकलं. ते दाराबाहेर आले आणि त्यांनी शुद्ध हिंदीत जाहीर केलं, की आजपासून आठ दिवस ते स्वतःच्या न्हाणीघरात लोटाभरसुद्धा पाणी सांडणार नाहीत. आठ दिवसांनी भिंत बघू.

ते पंचगंगा घाटावर आंघोळीला जाऊ लागले. गंगेला पूर आला होता, खालच्या सगळ्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या आणि वरच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. सहाव्या दिवशी मिश्रजी घसरले. दोन नावाड्यांनी त्यांना खुर्चीत बसवून गल्लीतून आणलं तेव्हा त्यांच्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं. खुर्ची सप्र्यांच्या दारावरून जिन्याने वर गेली. सप्रे दाराच्या फटीतून बघत होते. बाहेर येऊन हात लावावा, असं त्यांना फार वाटलं. पण पाय उंबऱ्याच्या आतच राहिले.

आत येऊन त्यांनी भिंत पाहिली. सहा दिवस वर पाणी नव्हतं आणि बुरशी वीतभर वाढली होती. म्हणजे मिश्रजींचं म्हणणं खरं होतं आणि त्यासाठी त्यांचा पाय मोडला होता.

दुसऱ्या दिवशी सप्र्यांनी बचाऊ मिस्त्रीला बोलावलं. बचाऊने या भागातल्या निम्म्या घरांना गिलावा केला होता. तो खोलीत आला आणि त्याने आधी नाक मुरडलं.

"बाबूजी, खिड़की कब से बंद है?"

"तू भिंत बघ आधी."

बचाऊने भिंतीवर तळहात टेकवला, सरकवत नेला आणि हसला. "इधर हाथ लगाइए. अब उधर."

सप्र्यांनी हात लावला. कोपऱ्यात भिंत थंडगार होती. कपाटाच्या पलीकडे ती चक्क कोमट लागली.

"उस पार कालिंदी बहनजी का चूल्हा है," बचाऊ म्हणाला. "दिन भर गरम. उतना हिस्सा सूखा रहता है. इधर गली है, धूप कभी आती नहीं, दीवार ठंडी. ठंडे लोटे पर पानी जमता है न, वैसे ही जमता है. और अलमारी तो आपने एकदम सटा रखी है. पीछे हवा ही नहीं. वहाँ सबसे ज़्यादा होगी."

"पण पाणी येतं कुठून? वरून?"

"ऊपर से नहीं. इसी कमरे का है." बचाऊने खोलीभर नजर फिरवली. पलंगाच्या वर दोरी बांधून तिच्यावर धोतर, दोन बंड्या, टॉवेल वाळत घातले होते. "कपड़ा यहीं सुखाते हैं. नहाने की भाप यहीं. रात भर आपकी साँस यहीं. बंद कमरे में साँस का पानी जाएगा कहाँ, बाबूजी?"

"गच्चीवर माकडं कपडे नेतात," सप्रे म्हणाले.

"और खिड़की?"

सप्र्यांनी दोरीवरची बंडी सारखी केली. मग "अलमारी हटाता हूँ" म्हणून बचाऊ कपाटाला भिडला.

खिडकी तेराव्यानंतरपासून बंद होती. कपाट शरदिनीचं होतं. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना झोपायला जागा हवी म्हणून ते भिंतीला टेकवलं आणि मग तसंच राहिलं. आत तिच्या साड्या होत्या, घड्यांमध्ये वाळ्याच्या जुड्या. पाहुणे गेल्यावर एका संध्याकाळी सप्र्यांनी कपाटाचं दार बोटभर उघडलं होतं. शिकेकाई, वाळा आणि तिच्या तेलाचा मिळून जो वास होता, तो आला. त्यांनी घाईने दार लावलं, मग खिडकीही लावली. त्यानंतर ते रोज संध्याकाळी दार बोटभर उघडायचे आणि लगेच लावायचे, वास संपू नये म्हणून. गेले तीन आठवडे भिंतीच्या आणि मिश्रजींच्या रागात ते राहून गेलं होतं.

बचाऊने कपाट ओढलं. मागची भिंत काळीकुट्ट होती आणि कपाटाची पाठही. सप्रे पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही दारं एकदम उघडली.

कुबट वासाचा भपकारा आला. दुसरा कुठलाच नाही. वरच्या पैठणीवर राखाडी लव चढली होती. खालची माहेरची इरकल हातात घेतली, तर घडीवर ठिपकेच ठिपके. सप्र्यांनी एक एक साडी उचलून नाकाशी नेली. सहावी, सातवी, आठवी. बचाऊ हातातली टोपी चुरगाळत उभा राहिला, मग हळूच बाहेर गेला आणि त्याने जाता जाता कालिंदीबाईंचं दार वाजवलं.

कालिंदीबाई आल्या. त्यांनी साड्या पाहिल्या. पदर खोचला, खिडकी उघडली आणि साड्या दोन हातांत भरून गच्चीवर नेल्या. त्या दिवशी उघाड होती. बारा साड्या दोऱ्यांवर पसरून झाल्यावर त्या माकडांसाठी काठी घेऊन कठड्याशी बसल्या. सप्रे समोर उकिडवे बसले.

"मी जपत होतो हो, वहिनी," ते म्हणाले. "वास जाऊ नये म्हणून जपत होतो."

"जाईल हा कुबट वास. ऊन लागलं की जाईल."

"तिचापण जाईल."

कालिंदीबाईंनी एका माकडाला काठी दाखवली. मग त्या म्हणाल्या, "ही बुरशी दर वर्षी यायची की."

"कुठं?"

"तुमच्याच भिंतीवर. शरू मंगळवारी, शुक्रवारी चुन्याच्या निवळीत फडकं बुडवून पुसायची. तुम्ही घाटावर गेलात की. कपाट हातभर पुढं ओढायची, मी धरू लागायचे. खिडकी उघडी टाकायची, कपडे इथं आणून वाळवायची."

"मला कधी दिसली नाही."

"दिसेल कशी? तुम्ही यायच्या आत पुसलेली असायची."

"चौतीस वर्षांच्या संसारात? मला सांगायचं तरी एकदा!"

कालिंदीबाई सांगू की नको अशा घोटाळल्या. "मी म्हटलं होतं तिला. ती म्हणाली, त्यांना सांगितलं तर ते उगाच जाऊन मिश्रजींशी भांडतील."

सप्रे हसायला गेले. आधी हसूच आलं, पण ते तोंडापर्यंत पोचता पोचता फुटलं. ते गुडघ्यांत डोकं घालून बसले आणि कालिंदीबाई काठी मांडीवर घेऊन दुसरीकडे बघत राहिल्या.

त्या दुपारी सप्र्यांनी चुना विरघळवला, वर आलेली निवळी पातेल्यात गाळली आणि भिंत पुसली. पेन्सिलच्या रेघा, तारखा, सगळं पुसलं गेलं. निम्मी निवळी उरली. चहा केला, दोन कपांत ओतला आणि भांडणानंतर पहिल्यांदाच ते चहा घेऊन मिश्रजींच्या दारात जाऊन उभे राहिले.

मिश्रजी पलंगावर प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बसले होते. त्यांनी चहाकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं आणि घाईने म्हणाले, "आइए, आइए. इधर बैठिए. नहीं, उस तरफ़ नहीं, इस तरफ़."

"मिश्रजी, मला माफ करा. तुमचं न्हाणीघर..."

"अरे छोड़िए."

"पाय मोडला तुमचा माझ्यापायी."

"हड्डी है, जुड़ जाएगी. आप बैठिए तो सही."

पण सप्रे जिथे बसायला नको होतं तिथेच उभे होते. तिथे भिंतीवर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक कॅलेंडर होतं, त्याशेजारी दुसरं आणि त्याशेजारी भारताचा शाळेतला मोठा नकाशा. एका रेघेत इतकी कॅलेंडरं मिश्रजींनी कधी लावली नव्हती. सप्र्यांनी नकाशाची कड उचलली. मागे हिरवट काळी बुरशी होती, खालच्या मजल्यावर होती तशीच, कोपऱ्यापासून मध्यापर्यंत.

मिश्रजींनी मान खाली घातली. "आषाढ़ से है. हमने सोचा, आप देखेंगे तो कहेंगे कि देखो, पानी यहीं का है. इसलिए ढँक दी." मग ते काकुळतीने म्हणाले, "विश्वास कीजिए, सप्रेजी, उन्नीस साल में पहली बार आई है."

सप्र्यांनी नकाशा काढून ठेवला आणि भिंत नीट पाहिली. बुरशी खाली ताजी होती. पण वर, एका उंचीपासून पुढे, भिंत अनेक वर्षांच्या जुन्या, सुकलेल्या डागांनी करडी झाली होती. मध्ये वाकडीतिकडी सीमा होती. उंचीने बेताची बाई हात वर करून जिथवर पोचेल, तिथवर.

"तुम्ही कॉलेजात जाताना किल्ली कुणाकडे ठेवायचात?"

"भाभीजी के पास. टंकी का पानी देखना होता था न."

"पहिल्यांदा नाही आली ही," सप्रे म्हणाले.

मिश्रजींना गणित सुटायला क्षणभर लागला. त्यांनी वरच्या करड्या पट्ट्याकडे पाहिलं, खालच्या ताज्या बुरशीकडे पाहिलं. हातातला कप त्यांनी बशीत ठेवला, तो वाजला.

"हम तो समझते थे," ते म्हणाले, "पानी देखने आती हैं."

चहा निवला. मग सप्रे खाली जाऊन उरलेल्या निवळीचं पातेलं आणि फडकं घेऊन आले आणि खोलीत इकडेतिकडे बघू लागले.

"स्टूल आहे का तुमच्याकडे?"

"है, पर नीचे से शुरू कीजिए. नीचे ज़्यादा है."

"खालचं करतो मागून," सप्रे म्हणाले. "वरचं तिचं राहून गेलंय."

मिश्रजी प्लास्टरचा पाय ओढत पलंगावरून उतरले आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.