उन्हावरचा भात

"आज चूल पेटवाची नाई!" बिसनलाल गुरुजींनी सकाळी सात वाजताच जाहीर केलं. "पावण्यांचा भात बी उन्हावर आन् वरण बी उन्हावर. आपल्या घरून धुराची एक रेघ वर जाणार नाई."

"अजी, ते पोरीले पाहाले येऊन राहिले. तुमची परीक्षा घ्याले नाई," त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई म्हणाल्या.

ही २०११ सालची गोष्ट. बिरसीच्या विमानतळापासून दोन कोसांवरच्या त्या गावात गुरुजी प्राथमिक शाळेवर होते. हिवाळ्यात ते गोंदियाहून हवामान बदलाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले, सोबत एक प्रमाणपत्र आणि एक सौर कुकर, म्हणजे वर काच आणि झाकणाला आरसा असलेली पेटी. प्रमाणपत्र भिंतीला लागलं, कुकर गच्चीवर गेला आणि गुरुजी गावाच्या मागे लागले. समोर माणूस दिसला की कोळसा, पेट्रोल, धूर आणि तापलेली पृथ्वी एवढं ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. माणूस भला होता, सांगत होता तेही खरं होतं. फक्त कुठे थांबावं हे प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

त्याची किंमत त्यांच्या लेकीने, बिचाऱ्या रिंकीने मोजली होती. मागच्या स्थळाला गुरुजींनी पोह्यांआधी दीड तास वातावरण समजावलं. पोहे थंड झाले, पाहुणे तापले आणि पुन्हा काही त्यांचा निरोप आला नाही. आजचा मुलगा, तिरोड्याचा टिकेश, रिंकीला फोटोतच आवडला होता.

"बाबा, इस बार कमी बोला न जी," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

"मी बोलणारच नाई," गुरुजी म्हणाले. "कुकरच बोलंन!"

नऊ वाजता चार काळे डबे पेटीत गेले. गुरुजींनी आरसा सूर्याकडे वळवला आणि हात झटकले. साडेनऊला तिरोड्याकडून ढग आले. ऐन चैत्रात! गुरुजींची मोठी पंचाईत झाली. ऋतू बिघडले असं ते चार महिने ओरडत होते आणि आज आभाळाने भर सकाळी त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती. पण त्याच साक्षीने भात कच्चा राहणार होता. आनंद मानावा की कपाळावर हात मारावा हे त्यांना कळेना.

शकुंतलाबाईंना मात्र सगळं कळत होतं. त्यांनी चिन्नोर तांदूळ, तूरडाळ आणि वांगी पदराखाली घेतली आणि मागच्या कुंपणातून शेजारच्या रुख्माकडे गेल्या.

"रुख्मा, चूल पेटव. गुरुजीले सांगू नको."

"काऊन वो? तुह्या चुलीले काय झालं?"

"माह्या घरी पृथ्वी वाचवून राहिले. तू फक्त माही पोरगी वाचव!"

इकडे गच्चीवर सावली पसरली आणि अंगणात ऊन पडलं. गुरुजींनी पेटी अंगणात उतरवली, तर ऊन पलीकडच्या उदारामच्या खळ्यावर सरकलं. पेटी खळ्यावर गेली, तर ते तळ्याच्या पाळीवर जाऊन बसलं. कुडता काढून, नुसत्या बनियनवर, डोक्यावर बारा किलोची पेटी घेऊन गुरुजी उन्हामागे धावू लागले. एकदा पाळीवर चांगलं लख्ख ऊन सापडलं, तर बिरसीचं शिकाऊ विमान घरघरत नेमकं डोक्यावरून गेलं आणि त्याची सावली पेटीवरून फिरली.

"तू बी आत्ताच जाशीन!" गुरुजी आभाळाकडे पाहून ओरडले.

तेवढ्यात पाळीखाली एक जीप थांबली. पुढे बसलेल्या, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी मान बाहेर काढली.

"काऊन भाऊ, बिसनलाल गुरुजीचं घर कुठी आहे?"

गुरुजींनी डोक्यावरची पेटी खाली ठेवली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "मीच तो," ते म्हणाले.

ते गृहस्थ टिकेशचे वडील यादोराव. मागे टिकेश आणि त्याची आई धनवंताबाई. टिकेशने तोंडावर रुमाल धरला. यादोराव मात्र खाली उतरले आणि पेटीभोवती एक फेरी मारून आले.

"हे काय होय जी?"

झालं! गुरुजींच्या तोंडाचं कुलूप उघडलं. "ही काच पाहा. ऊन आत येते, पण गरमी बाहेर निंगत नाई. धूर वाढला, तं पृथ्वीवर बी अशीच काच बसली म्हणा. आपण सगळे आतल्या भातावानी शिजून राहिलो!"

"म्हणूनच!" यादोरावांनी मांडीवर थाप मारली. "आमची धानाची रोवणी पहिले आखाडीच्या पुनवेले संपे, आता पोळ्यापर्यंत चिखलातच राहतो. औंदा मोहफूलं बी ढगानं गेली."

असा श्रोता गुरुजींना जन्मात मिळाला नव्हता. पेटीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं यादोरावांनी, आणि दोघे बोलत बोलत घराकडे निघाले. वळणावर गुरुजी थबकले. रुख्माच्या छपरावरून दाट धूर वर चढत होता.

"ते पाहा! अशा लोकायमुळंच आभाळ बिघडलं," ते कळवळून म्हणाले. "कोणाचा भात शिजून राहिला कोण जाणे!"

घरी येऊन पेटी मागच्या अंगणात ठेवली, पाहुण्यांना ओसरीवर बसवलं आणि गुरुजी हातपाय धुवायला आणि कुडता घालायला गेले. तेवढ्यात रुख्मा कुंपणातून आली आणि कच्चे डबे रिकामे करून त्यांत चुलीवरचा भात, वरण आणि भाजी भरून गेली. पानं मांडली. आता मान खाली घालायची वेळ आली हे ओळखून गुरुजींनी पेटी उघडली, आणि चिन्नोरचा वाफाळता वास सगळ्या घरभर पसरला. शीत न् शीत मोकळं होतं.

गुरुजींनी एक शीत बोटांत दाबून पाहिलं. मग ते पाहुण्यांकडे वळले. "ढगातून बी किरणं येतेत जी! विज्ञान आहे!"

"आपल्याले बी अशी पेटी पाहिजे!" यादोरावांनी तिसऱ्यांदा भात घेत घोषणा केली. "उद्यापासून आपल्या घरची चूल बंद!"

धनवंताबाईंनी भातातून राखेचा एक बारीक कण बोटाच्या टोकावर उचलला, त्याकडे नीट पाहिलं आणि हात धुवायच्या निमित्ताने शकुंतलाबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या.

"खरं सांगा," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचा सूर्य लाकडं कोणती जाळते? मोहाची का धावड्याची?"

दाराआड रिंकीने डोळे मिटून घेतले.

"मोहाची," शकुंतलाबाई पुटपुटल्या. "शेजारणीच्या चुलीवर."

"तरीच गोड लागला." धनवंताबाईंनी बाहेर पाहिलं. यादोराव पेटीवर वाकून आरसा फिरवत होते आणि गुरुजी त्यांना पृथ्वी समजावत होते. धनवंताबाईंनी एक लांब उसासा सोडला आणि शकुंतलाबाईंचा हात धरला.

"आता आमचे हे बी पेटी घेऊनच राहतीन. ढग काही आमचं घर चुकवणार नाई. म्हणूनच समधीनबाई, तारीख ठरवाच्या पहिले हे डबे कसे बदलले, तेवढं मले शिकवून ठेवा."